अस्सलबरहुकूम नक्कल



जुन्या दस्तऐवजाची नक्कल उतरवून झाली म्हणजे कारकून तिच्याखाली एक शेरा लिहीत असे : ‘अस्सलबरहुकूम नक्कल’. अस्सल म्हणजे मूळ कागद, आणि बरहुकूम म्हणजे त्याप्रमाणे तंतोतंत. हा शेरा लिहिणारा मनुष्य दोन गोष्टींची जबाबदारी आपल्या शिरावर घेत असे. मूळ कागद आपल्या डोळ्यांपुढे होता, ही एक. आणि तो वाचून आपण नकलेशी ताडून पाहिला, ही दुसरी. आज ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत, तो वरवर पाहता या कारकुनी जगापासून फार दूरचा वाटेल. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकात साठविलेला मजकूर आजच्या यंत्रात कसा उतरवून घ्यावा, हा तो विषय. परंतु व्याख्यान संपेपर्यंत आपण पुन्हा त्याच शेऱ्यापाशी येऊन पोहोचणार आहोत, असा आमचा समज आहे.

आम्ही काही संगणकशास्त्रज्ञ नव्हे. आमचे शाळेतील शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, याचे कारण एवढेच की, आमच्या संघटनेचा एक हजेरीपट अशा जुन्या यंत्राच्या पोटात अडकला होता, आणि तो बाहेर काढताना आम्हांस जे कळले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम थोडे मागे जाऊ. बारामती हे मोरोपंतांचे गाव. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे आले, आणि १७९४ साली देह ठेवीपर्यंत येथेच त्यांनी आपली काव्यरचना केली. त्या काळी छापखाना नव्हता. काव्य गावोगावी जावयाचे ते पोथीच्या नकला होऊन. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहावे. पुढे एकोणिसाव्या शतकात मुद्रण आले, आणि पोथ्यांतील मजकूर छापील पुस्तकांत उतरला. ज्या पोथ्यांची नक्कल वेळेवर झाली त्या टिकल्या; ज्यांची झाली नाही त्या वाळवीने आणि पावसाने नेल्या. काव्याच्या बऱ्यावाईटाचा त्यात फारसा संबंध नव्हता. कोणी तरी बसून नक्कल केली की नाही, एवढाच प्रश्न होता.

सरकारी कागदांची कथा याहून निराळी नाही. पेशवे दफ्तरातील कागद पुण्यास आहेत, आणि ते बहुतांशी मोडीत आहेत. त्यांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापले गेले. मोडीतून बाळबोधीत आणि हातच्या अक्षरातून छापील अक्षरात, असे ते दुहेरी स्थलांतर होते. पण दफ्तराचा राहिलेला भाग अफाट आहे, आणि मोडी तर विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास व्यवहारातून उठून गेली. त्याचा परिणाम आपण सर्वांनी अलीकडेच पाहिला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी जाणणाऱ्या माणसांची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध सुरू झाली. कागद जागेवर होता, शाई शाबूत होती. वाचणारा मात्र सहज मिळेना.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नोंद दोन प्रकारांनी मरते. एक, ज्या वस्तूवर ती लिहिली ती वस्तू नष्ट होते. दोन, ती वाचण्याची विद्या नष्ट होते. संगणकाच्या युगात यात तिसऱ्या मरणाची भर पडली. वस्तू शाबूत असते, विद्याही पुस्तकात लिहिलेली असते, परंतु ज्या यंत्राशिवाय ती नोंद वाचताच येत नाही, ते यंत्र बाजारातून नाहीसे होते. कागदाला असे यंत्र लागत नव्हते. डोळे आणि उजेड असला की भागत होते.

आता त्या यंत्राकडे वळू. २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा एक लहानसा संगणक बाजारात आणला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरातील टीव्हीच त्याला जोडावयाचा. मोठ्या नमुन्याची मेमरी ४८ किलोबाइट, म्हणजे आजच्या साध्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही अपुरी. आपल्या देशात १९८४-८५ साली केंद्र शासनाने शाळांसाठी ‘क्लास’ नावाची योजना काढली, आणि सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे इंग्रजी संगणक बसविले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकण्यास काढला. काही हजार यंत्रे खपली असतील-नसतील, तोच १९९० च्या सुमारास त्याचा बाजार उठला. त्या काही हजारांतील एक यंत्र बारामतीस आले. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे आमचे एक स्नेही होते. त्यांनी ते पुण्याहून जुने विकत आणले. हे गृहस्थ आता हयात नाहीत. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू.

अण्णांच्या दुकानात बसून आम्ही बेसिक ही संगणकाची भाषा शिकलो. सोबतचे पुस्तक इंग्रजी. शेजारी शब्दकोश उघडा ठेवून एकेक पान लावावयाचे. त्या वेळी आम्ही एका साखर कारखान्यात हंगामी कामगार होतो. नीरेच्या कालव्याने या दोन तालुक्यांत ऊस आणला, उसाने कारखाने आणले, आणि कारखान्यांनी हंगामी कामगार ही जात जन्मास घातली. गळीत सुरू झाले की कामावर, आणि बंद झाले की घरी. अशा कामगाराच्या आयुष्यात हजेरीचा दिवस म्हणजे केवळ त्या दिवसाचा पगार नव्हे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात असा नियम होता की, हंगामी आस्थापना जितके दिवस चालली त्याच्या ७५ टक्के दिवस कामगार कामावर असेल, तर त्याची नोकरी सलग धरावी. आणि अशा हंगामी कामगारास दर हंगामामागे सात दिवसांचा पगार या हिशेबाने ग्रॅच्युइटी द्यावी. हिशेब करून पाहा. कारखाना १६० दिवस चालला, तर १२० दिवसांची हजेरी पाहिजे. १२१ भरले तर हंगाम लागला, ११८ भरले तर गेला. तीन दिवसांवरून वर्ष बुडत असे.

म्हणून संघटनेने ठरविले की, कारखान्याच्या मस्टरवर विसंबून न राहता आपली एक वेगळी नोंद ठेवावी. कामगारांच्या पगारचिठ्ठ्या गोळा करावयाच्या, त्यांवरील दिवस मांडावयाचे, आणि चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत द्यावयाच्या. १९८८-८९ ते १९९१-९२ या चार गळीत हंगामांची अशी नोंद आम्ही आणि अण्णांनी मिळून स्पेक्ट्रमवर केली. नावे २१२. प्रत्येकाचा तिकीट नंबर, नाव आणि हजेरीचे दिवस. त्या यंत्रात देवनागरी अक्षरे नव्हती, म्हणून नावे रोमन लिपीत लिहिली. ही गोष्ट पुढे नडली. ते ओघाने सांगू.

आता हा मजकूर साठविण्याची रीत पाहा. वीज गेली की स्पेक्ट्रमची मेमरी कोरी होई. म्हणून सर्व काही गाण्याच्या साध्या कॅसेटवर उतरवून ठेवावे लागे. संगणकाच्या लेखी मजकूर म्हणजे शून्य आणि एक यांची रांग. एका खुणेस बिट म्हणतात. आठ बिटांचे एक अक्षर. स्पेक्ट्रम या खुणांचा आवाज करी. शून्यासाठी आखूड लहर, सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी. एकासाठी तिच्या दुप्पट लांब लहर. आरंभी काही सेकंद एकसुरी शिट्टी, ती ऐकून वाचणाऱ्या यंत्राने सावध व्हावयाचे. मग खरखरीत किंचाळणारा मजकूर. सेकंदाला सरासरी दीड हजाराच्या आसपास बिट या वेगाने आमच्या एका हंगामाची यादी साधारण अर्ध्या मिनिटात टेपवर चढे. मिल हाऊसमधले एक वडीलधारे कामगार एकदा दुकानात आले होते. तो आवाज ऐकून म्हणाले, “अण्णा, ह्यात आमची हजेरी हाय व्हय? मला तर कुणी रडल्यागत वाटतंय.” अण्णा म्हणाले, “तात्या, रडू द्या. रडलं तरी विसरत नाही ते.”

अण्णांचे हे म्हणणे निम्मेच खरे ठरले. १९९२ नंतर यंत्र बिघडले. या यंत्राच्या कळांखाली प्लॅस्टिकचा एक पातळ पडदा असतो. तो वाळून तडकला आणि कळा उमटेनाशा झाल्या. सुटा भाग मिळेना. तोवर बाजारात नव्या जातीचे संगणक आले होते. त्यांना कॅसेट ठाऊकच नव्हती, फ्लॉपी ठाऊक होती. कॅसेट एका पत्र्याच्या पेटीत गेली. आम्ही संघटनेच्या कामात गुंतलो. ‘टेपवर आहे’ असे म्हणत राहिलो, आणि तेवढ्यावर निश्चिंत होतो.

ही चूक आमची एकट्याची नव्हती, हे पुढे वाचनात आले. इंग्लंडात १०८६ साली राजा विल्यमच्या हुकमाने साऱ्या राज्याची जमीन-जुमल्याची पाहणी होऊन डूम्सडे नावाचे बाड तयार झाले. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवे डूम्सडे तयार केले. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांतही शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाची माहिती दिली. ती लेझर तबकड्यांवर साठविली, आणि वाचण्यासाठी बीबीसीचाच त्या काळचा संगणक लागे. पंधरा वर्षे होतात न होतात तोच ते यंत्र दुर्मीळ झाले आणि तबकड्या मुक्या झाल्या. लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या मंडळींनी २००२ च्या सुमारास खटपट करून तो मजकूर नव्या संगणकावर जिवंत केला. त्यांची युक्ती अशी की, जुन्या यंत्राचे सोंग घेणारा एक कार्यक्रम नव्या यंत्रासाठी लिहावयाचा, म्हणजे जुन्या मजकुरास आपण आपल्याच घरी आहोत असे वाटते. १०८६ चे चामड्यावरचे बाड मात्र आजही उघडून वाचता येते. एवढ्या श्रीमंत संस्थेची ही गत, तर आमच्या पत्र्याच्या पेटीची काय कथा?

२०१२ साली आमच्या बरोबरीचे कामगार निवृत्त होऊ लागले. ग्रॅच्युइटीचे हिशेब निघाले. त्या चार हंगामांचे मस्टर मिळेना. कागद जुने झाले होते आणि वाळवीने आपले काम केले होते. चार हंगाम म्हणजे २८ दिवसांचा पगार. शहरातील मनुष्यास ही रक्कम किरकोळ वाटेल. पण ज्याने उसाच्या मोळीखाली आणि बॉयलरच्या धगीत ते हंगाम काढले, त्यास ‘तू त्या वर्षी नव्हतासच’ असे सांगणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. आम्ही पेटी उघडली.

अण्णा वारले होते. त्यांचा पुतण्या अभियांत्रिकी शिकत होता. तो मदतीस आला. यंत्र मेलेले होते, पण आम्हांस यंत्राची गरज नव्हती, हे त्यानेच दाखवून दिले. मजकूर म्हणजे आवाज. तर आवाज ऐकणारा कोणताही संगणक तो टिपून घेईल. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून तार काढून आजच्या संगणकाच्या आवाज घेणाऱ्या भोकात घातली. पहिल्या दिवशी काही साधले नाही. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता, त्यामुळे टेप कधी हळू तर कधी जलद फिरे. तो बदलला. मग टेप वाचणाऱ्या हेडाचा तिरपेपणा आड आला. ज्या यंत्रावर टेप भरला त्याचे हेड जसे बसविलेले असेल, तसेच वाचणाऱ्या यंत्राचे पाहिजे. नाही तर आवाज दबतो आणि आखूड-लांब लहरी एकमेकींत मिसळतात. हेडाशेजारचा लहानसा स्क्रू केसाएवढा फिरवीत, शिट्टी जास्तीत जास्त कडक ऐकू येईल तेथे थांबावयाचे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची ही जुनी विद्या. अण्णांच्या दुकानात पाहिलेली आमच्या हाताला थोडी आठवत होती.

आवाज टिपताना एक पथ्य पाळावे लागते. गाण्यांसाठी आवाज दाबून लहान करण्याची जी रीत आहे, ती येथे वापरू नये. कानाला न कळणारे बारकावे ती गाळून टाकते, आणि येथे तर कानासाठी नव्हे, मोजमापासाठी टिपावयाचे असते. आम्ही सेकंदाला ४४,१०० नमुने या मापाने कच्चा आवाज टिपला. म्हणजे शून्याच्या आखूड लहरीच्या प्रत्येक अर्ध्या भागास सुमारे ११ नमुने मिळाले. मग त्या मुलाने एक तयार कार्यक्रम चालविला. तो लहरींची लांबी मोजून आखूड तेथे शून्य आणि लांब तेथे एक लिहितो, आठ-आठ बिटांची अक्षरे पाडतो. आमचा मजकूर साध्या अक्षरांच्या ओळींचा होता, त्यामुळे जुन्या यंत्राचे सोंग घेण्याचीही पाळी आली नाही. पडद्यावर वीस वर्षांपूर्वीची नावे उमटू लागली तेव्हा आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

पण खरे काम येथून पुढे सुरू झाले. स्पेक्ट्रम प्रत्येक मजकुराच्या शेवटी एक ताळ्याचे अक्षर लिहून ठेवतो. सर्व अक्षरांचे बिट विशिष्ट रीतीने एकत्र करून ते काढलेले असते. वाचताना हिशेब पुन्हा करावयाचा. ताळा जुळला नाही तर कोठे तरी बिट उलटला असे समजावे. आमच्या तिसऱ्या हंगामाचा ताळा जुळला नाही. सुदैवाने अण्णांची सवय अशी की, कॅसेटच्या दुसऱ्या बाजूस तोच मजकूर पुन्हा भरून ठेवावयाचा. ती बाजू वाचली, ताळा जुळला. दोन्ही प्रती ताडल्या, तेव्हा फरक सापडला : एका कामगाराचे ११८ दिवस पहिल्या बाजूस १३८ झाले होते. संगणकाच्या लेखी १ आणि ३ या आकड्यांत एकाच बिटाचा फरक आहे. एक बिट उलटला, आणि बुडालेला हंगाम भरला गेला. असाच बिट दुसऱ्याच्या बाबतीत उलट्या दिशेने फिरला असता तर भरलेला हंगाम बुडाला असता. आणि याहून वाईट असे की, दोन ठिकाणी त्याच जागेचा बिट उलटला, तर ताळा पुन्हा जुळतो. ताळा चुकला तर चूक निश्चित आहे. पण ताळा जुळला म्हणजे चूक नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही.

शिवाय एक चूक अशी होती की जी कोणत्याही यंत्रास सापडली नसती. यादीत एका तिकीट नंबरापुढे केएएलई अशी रोमन अक्षरे होती. हा काळे की काले? दोघेही आमच्याकडे होते, एक केन यार्डात आणि एक बगॅसवर. १९८९ साली चिठ्ठ्या उतरविताना आम्हीच एकाचे दिवस दुसऱ्याच्या नंबरापुढे घातले होते. टेपने ती चूक इमानाने सांभाळली, आणि नव्या यंत्राने इमानाने उतरवून घेतली. नक्कल अस्सलाबरहुकूम होती. अस्सलच चुकले होते.

ती सापडली वाचनात. आम्ही एका रविवारी इंदापूर रस्त्यावरच्या एका शाळेच्या पटांगणात जुन्या कामगारांना बोलाविले, आणि सारी यादी नावानिशी मोठ्याने वाचली. कोणी म्हणाले, “माझे ते नव्हेत, त्या वर्षी मी दोन महिने आजारी होतो.” कोणी घरून चिठ्ठ्या आणल्या होत्या; जुन्या देवघरातल्या, पत्र्याच्या डब्यातल्या, लग्नाच्या पत्रिकेत ठेवलेल्या. तात्या नव्हते, त्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते, पण चिठ्ठ्यांची पुरचुंडी त्यांनी सोडली नव्हती. काळे आणि काले यांचा घोळ दोघांनी समोरासमोर उभे राहून मिटविला, आणि ज्याचे दिवस जास्त भरले होते त्याने आपल्या तोंडाने ते कमी केले. अशी माणसे आमच्या चळवळीत होती, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो.

हा प्रकार काही आम्ही शोधून काढला नाही. गावकीत चावडीवर वाचून दाखविण्याची चाल जुनीच आहे. २०१७ साली राज्य शासनाने हाताने लिहिलेले सातबारा संगणकावर चढविल्यानंतर हेच केले : गावोगाव चावडी वाचन ठेवून संगणकातील सातबारा खातेदारांपुढे वाचला, आणि चुका सांगण्यास त्यांना सांगितले. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सही यंत्राची असो वा तलाठ्याची. आधी ज्याचे शेत त्याने नोंद ऐकली पाहिजे, हे त्यात मान्य झाले.

आपण विचाराल, मग त्या टेपने खटला जिंकला काय? नाही. २००० साली भारतीय पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घातले गेले होते. त्याअन्वये संगणकातील नोंद पुराव्यात आणावयाची तर ती ज्या यंत्रात तयार झाली ते नीट चालत होते, असा जबाबदार माणसाचा दाखला लागे. आमच्यापाशी यंत्र मेलेले, आणि यंत्राचा धनी स्वर्गवासी. टेप पुरावा म्हणून कोणी घेतला नाही, आणि आमच्या मते ते वावगेही नव्हते. परंतु टेपने आम्हांस सांगितले की कोणाच्या घरी जाऊन कोणत्या महिन्याची चिठ्ठी शोधावयाची. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या त्यांचे हंगाम तडजोडीत मान्य झाले. तात्यांच्या पत्नीस त्यांचे पैसे मिळाले. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत, त्यांचे टेपवरचे दिवस टेपवरच राहिले. १९९२ सालीच आम्ही त्या यादीची कागदावर नक्कल करून, खाली कामगारांच्या सह्या घेऊन ठेवली असती, तर त्या माणसांनाही काही हाती लागले असते. ही उणीव आमची आहे. ती यंत्राच्या माथी मारता येत नाही.

कायदा तेव्हापासून पुढे गेला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील दाखल्यात संगणकीय नोंदीचा ‘हॅश’ लिहावा लागतो. हॅश म्हणजे साऱ्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक ठसा. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा निराळा येतो. स्पेक्ट्रमच्या एकाक्षरी ताळ्याचाच हा थोरला वंशज. नक्कल अस्सलाबरहुकूम आहे की नाही, हे आता यंत्र सांगेल, आणि फार चांगले सांगेल. अस्सल खरे आहे की नाही, हे ते सांगणार नाही. त्याला पटांगणच लागेल.

आता कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली; आज कॅसेट कोण वापरतो? तर आपल्याच कपाटात पाहावे. १९९० नंतर मराठी मजकूर संगणकावर जुळविला जाऊ लागला, तो बहुधा प्रत्येक कंपनीच्या आपापल्या अक्षरसंचात. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले. तो अक्षरसंच नसेल तर पडद्यावर नुसता रोमन गलबला दिसतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली इस्की हे प्रमाण ठरले, त्याच सुमारास जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड निघाले. पण गावोगावचे छापखाने पुढे कैक वर्षे आपल्या जुन्याच संचांवर काम करीत राहिले. आमच्या संघटनेची पत्रके, एखाद्या वाचनालयाचे अहवाल, दूध संस्थेच्या सभासदांच्या याद्या अशा फ्लॉप्यांवर पडून आहेत. फ्लॉपी वाचणारे यंत्र आज नव्या संगणकात नसते. ते वेगळे मिळवावे लागते. मिळाले तरी मजकूर जुन्या संचातून युनिकोडमध्ये तक्त्याने उतरवावा लागतो, आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. म्हणजे मोडीचीच कथा, पण पन्नास वर्षांऐवजी पंधरा वर्षांत.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. आपल्या संस्थेत जुनी कॅसेट, फ्लॉपी वा तबकडी असेल, तर या उन्हाळ्यात ती बाहेर काढा. पहिली नक्कल कच्ची घ्या, जशी आहे तशी, आणि तिला हात लावू नका. दुसरी नक्कल वाचता येईल अशी साध्या अक्षरांत करा, आणि तिची एक प्रत कागदावर छापा. तिच्याखाली लिहा : कशावरून उतरविली, कोणी, कोणत्या दिवशी, आणि काय वाचता आले नाही. मूळ वस्तू फेकू नका. ज्यांची नावे त्या नोंदीत आहेत त्यांना बोलावून ती वाचा, ती माणसे आहेत तोवर. आणि हे काम फुकटात होईल अशी अपेक्षा धरू नका. नक्कल करणे हे श्रमाचे काम आहे. संस्थेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी दरसाल एक रक्कम असली पाहिजे, आणि दर दहा वर्षांनी ते काम पुन्हा करावे लागेल असे धरूनच चालले पाहिजे.

इंदापूर तालुक्यातील पळसदेव गाव उजनीच्या पाण्याखाली गेले. १९८० साली धरण पुरे झाले, आणि गाव वर येऊन वसले. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले म्हणजे पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते, आणि लोक ते पाहावयास जातात. दगडाचे आहे म्हणून ते थांबले. टेप दगडाची नव्हे. तिच्यासाठी पाणी ओसरण्याची वाट पाहून चालणार नाही. आमच्या त्या यादीची छापील प्रत आज संघटनेच्या कचेरीत आहे. तिच्या शेवटच्या पानावर, यंत्राने जुळविलेल्या ताळ्याच्या खाली, पटांगणात हजर असलेल्या कामगारांच्या सह्या आणि अंगठे आहेत. त्यांच्या वर आम्ही तो जुना शेरा लिहिला आहे.